विधानसभेची मतमोजणी: हातात सतरा-सी नसेल तर टेबलावर बसून फायदा नाही

धुऱ्यावरचा

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. तरी पानठेल्यावर, जिनिंगच्या काट्यापाशी अजून तेच तीन प्रश्न निघतात. मशीन बरोबर मोजल्या का, पाचनंतर मतं कुठून वाढली, आणि टपाली मतांनी उमेदवार पडला का. उत्तरं मिळतात, पण ज्या कागदावर ती मिळतात तो कागद बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. म्हणून हा धागा. ज्यांना पुढच्या वेळी टेबलावर बसायचं आहे त्यांनी नीट वाचा, काही सुटलं असेल तर खाली भर घाला.

आधी फरक किती बारीक असतो ते बघा. साकोलीत नाना पटोले ९६,७९५, अविनाश ब्राह्मणकर ९६,५८७. अंतर २०८. तीनशेच्या वर केंद्रं असलेल्या मतदारसंघात हे केंद्रामागे पुरतं एक मतही होत नाही. बुलढाण्यात संजय गायकवाड आणि जयश्री शेळके यांच्यात ८४१ चं अंतर, म्हणजे मोठ्या गावातल्या एका केंद्रावरचं मतदान.

अशा ठिकाणी कामाला येतो तो नमुना सतरा-सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राचं, क्लोज बटण दाबतात, पडद्यावर एकूण मतांचा आकडा येतो आणि तो सतरा-सीच्या पहिल्या भागात लिहिला जातो. त्याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला द्यायची असते. मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. प्रत घेताना जागेवरच पाहायच्या गोष्टी:

कंट्रोल युनिटचा ओळख क्रमांक यंत्राच्या पाठीवरून स्वतः वाचून ताडायचा. कार्बनखालची प्रत फिकी येते, ३ चा ८ होतो, १ चा ७ होतो. मोजणीच्या दिवशी याच एका आकड्यावरून अर्धा तास वाद चालतो.

मग बेरीज. मतदार नोंदवहीत सही-अंगठा झालेले किती, त्यातून मत न देता परत गेलेले वजा, गुप्ततेचा नियम मोडल्यामुळे मत देऊ न दिलेले वजा. उरलेला आकडा मशीनच्या आकड्याशी जुळला पाहिजे. नोंदवहीत ७४२, दोन परत गेले, तर मशीनवर ७४०. न जुळल्यास कारण तिथंच विचारा, रात्री साहित्य तहसीलच्या गाडीत चढल्यावर कोणी सांगायला बसत नाही.

व्हीव्हीपॅटची (मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची) चिठ्ठी चुकीची निघाली अशी कोणी तक्रार केली असेल तर चाचणी मत घेतलं जातं. तेही यंत्रात बसतं आणि मोजणीत वजा होतं. सतरा-सीत त्याची वेगळी ओळ आहे, कोणत्या उमेदवाराला पडलं तेही लिहायचं असतं. ती ओळ कोरी सोडली की एक मत हवेत राहतं.

मशीन मधेच बिघडून बदलली असेल तर त्या केंद्राच्या दोन कंट्रोल युनिट असतात. दोन्हीतली मतं मोजली जातात. दोन्हींचे क्रमांक आणि आकडे तुमच्याकडे पाहिजेत. हे सर्वात जास्त विसरलं जातं.

आता मोजणीची तयारी. साधारण १४ टेबलं असतात, एका फेरीत प्रत्येक टेबलावर एक कंट्रोल युनिट. ३४० केंद्रं असतील तर २४ फेऱ्या पूर्ण आणि पंचविसावी अर्धवट. टेबलाचा हिशोब सोपा आहे: फेरीतून एक वजा करा, १४ नं गुणा, टेबलाचा क्रमांक मिळवा. पाचव्या टेबलावर तिसऱ्या फेरीत येणार ३३ वं यंत्र. त्याप्रमाणे आदल्या रात्री सतरा-सी टेबलवार लावा आणि प्रत्येक प्रतिनिधीच्या फाईलमध्ये फक्त त्याच्याच टेबलाचे कागद, फेरीच्या क्रमानं. ३४० कागदांचा एकच गठ्ठा घेऊन जाणाऱ्याला तिसऱ्या फेरीपासून कागद सापडत नाही आणि मग तो नुसता मान हलवत बसतो.

पांदणरस्ता

धुऱ्यावरचा भाऊ, एक भर. ते ३३ वं यंत्र म्हणजे ३३ नंबरचंच केंद्र असं समजू नका. सहाय्यकारी केंद्रं, १२ आणि १२-अ अशी, मधे आली की पुढचा सगळा क्रम एकानं सरकते. अशी दोन-तीन केंद्रं पहिल्याच फेऱ्यांत असली तर पुढं टेबल आणि कागद यांचा मेळच बसत नाही. कोणत्या टेबलावर कोणतं केंद्र हा तक्ता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात तयार असते. तो आधी मागून घ्या आणि कागद त्याच्यावरूनच लावा.

संत्राबाग_काटोल_रोड

मोजणी प्रतिनिधी कोण होऊ शकतो? आमच्याकडे हिशोबाला पक्के असे बरेच जण शिक्षक किंवा ग्रामसेवक आहेत. त्यांना बसवता येतं का?

सांगाडा_आणि_सूत

नाही ताई. सरकारी सेवेतल्या माणसानं उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून काम केलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३४-अ खाली तो गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. मंत्री, खासदार, आमदार, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष यांनाही बसवत नाहीत. सुरक्षारक्षक असलेल्या माणसालाही नाही. निवृत्त शिक्षक मात्र चालतात आणि खरं तर तेच उत्तम. आकडा ऐकून लगेच लिहिण्याची सवय असते.

नेमणूक नमुना १८ वर. फोटोसह यादी मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागते. एका टेबलाला एका उमेदवाराचा एकच माणूस, शिवाय निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलाला एक. आत मोबाईल नेता येत नाही. सतरा-सीची प्रत, कोरे कागद, पेन एवढंच. कॅल्क्युलेटरच्या भरवशावर राहू नका, तोंडी बेरीज येणारा माणूस शोधा.

टेबलावर नेमकं काय होतं ते सांगतो. पेटी येते, सील आणि ॲड्रेस टॅग दाखवतात, मग ओळख क्रमांक आणि हिरव्या कागदी सीलचा क्रमांक. तुम्ही सतरा-सीवरून ताडायचं. त्यानंतर रिझल्ट बटण. आधी एकूण मतं, मग उमेदवार एक, दोन, तीन असे एकेक आकडे पडद्यावर येऊन जातात. जाळीच्या अलीकडून तो लहान पडदा तिरका दिसतो. दिसलं नाही तर 'पुन्हा दाखवा' म्हणा, बटण पुन्हा दाबता येतं. शेजारच्या प्रतिनिधीच्या वहीतून आकडा उतरवून घेऊ नका. सगळे आकडे मिळाले की बेरीज एकूण मतांशी जुळवा. नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणी नाही' ची मतं, धरायला विसरू नका, अर्ध्या चुका तिथंच असतात. मग पर्यवेक्षक सतरा-सीचा दुसरा भाग भरतात, त्यावर तुमची सही. सही आधी आणि आकडे मागून, असं कधीच करू नका.

कापूसवेचणी

पाचनंतर मतं वाढली याच्याबद्दल.

२० नोव्हेंबरला पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि शेवटचा ६६.०५. या अंतरावर राज्यभर गदारोळ झाला. पण दोन्ही आकडे एकाच जातीचे नाहीत. दर दोन तासांचा आकडा म्हणजे केंद्रावरून फोनवर किंवा ॲपवर कळवलेला अंदाज. केंद्राध्यक्ष रांग सांभाळत, नोंदवही पाहून सांगतात, क्षेत्रीय अधिकारी दहा-बारा ठिकाणचं गोळा करतात. त्यात मागचा-पुढचा अर्धा तास असतोच. शेवटचा आकडा सतरा-सीवरून येतो.

दुसरं, वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होती. पाच वाजता एक तास बाकीच होता. आपल्याकडं नोव्हेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. बाया दिवसभराची वेचणी करून, कापसाचं वजन देऊन मग केंद्राकडं निघतात. सहाला जे आवारात रांगेत असतात त्या सगळ्यांना मतदान करता येतं. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून सही केलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. प्रतिनिधीनं इथं एकच काम करायचं: सहा वाजता किती चिठ्ठ्या वाटल्या तो आकडा आणि पाचला नोंदवहीतला अनुक्रमांक किती होता, हे दोन्ही आपल्या वहीत लिहून ठेवायचं. पाचला ५१०, सहाला ५८५, चिठ्ठ्या ४०, शेवटी ६२५. एवढं लिहिलं असेल तर त्या केंद्रापुरता वाद तिथंच मिटतो. नसेल लिहिलं, तर मग राज्याची टक्केवारी घेऊन भांडत बसावं लागतं आणि त्यातून काही निघत नाही.

वैनगंगेकाठी

आरमोरी, गडचिरोली, अहेरीत वेळ ७ ते ३ होती हे लक्षात ठेवा. तिथल्या आकड्यांची इतर जिल्ह्यांच्या वेळेशी तुलना करून लोक चुकतात. दुर्गम भागातली पथकं हेलिकॉप्टरनं न्यावी-आणावी लागतात, त्यामुळं यंत्रं स्ट्राँगरूमला पोचायलाही वेळ लागतो. उशीर झाला म्हणजे घोळ झाला असं नाही. त्या पथकांसोबतच्या सतरा-सीच्या प्रती प्रतिनिधींकडून लवकर मागवून घ्या. नेटवर्क नसते, फोटो पाठवू म्हणणाऱ्याचा फोटो दोन दिवसांनी येते.

सांगाडा_आणि_सूत

यंत्रं बाजूला का ठेवतात, हे कोणी लिहिलं नाही. लिहितो.

मतदानाच्या आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं नुसतं तालमीचं मतदान होतं, किमान ५० मतं. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमानं यंत्र कोरं करायचं आणि व्हीव्हीपॅटच्या डब्यातल्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करायच्या. पहाटेच्या घाईत क्लिअर राहून गेलं की ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. सतरा-सीत ७४० आणि यंत्रावर ७९० आले तर पहिला संशय हाच घ्या, हेराफेरीचा नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे शेवटी क्लोज बटणच दाबलेलं नसतं, मग रिझल्ट निघत नाही. तिसरा, पडदाच उजळत नाही.

अशी यंत्रं निर्णय अधिकाऱ्याकडं बाजूला ठेवतात आणि बाकी मोजणी चालू राहते. शेवटी विजयाचं अंतर त्या केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा कमी निघालं, तर तिथल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. अंतर जास्त असेल तर त्यांनी निकाल बदलत नाही. म्हणून बाजूला गेलेल्या प्रत्येक यंत्राचं केंद्र आणि मतं एका वेगळ्या कागदावर लिहित जा. २०८ च्या अंतरात असं एक केंद्रसुद्धा निकाल फिरवू शकतं.

याशिवाय प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी ताडतात. २०१९ च्या एप्रिलमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून एकाऐवजी पाच झाली. २५-२५ च्या गड्ड्या बांधून मोजतात, एकामागून एक, त्यामुळं वेळ लागतो. इथं माणसं कंटाळून निघून जातात. जाऊ नका. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक उरला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरला जातो.

पांदणरस्ता

टपालीचं सांगा ना बावा. आमच्या इकडं तर लोकायले वाटते टपाली म्हणजे पोष्टातून येणारी दोन-चार पाकिटं.

धुऱ्यावरचा

दोन-चार नव्हे. निवडणूक कामावरचे कर्मचारी सुविधा केंद्रावर टाकतात ती, ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेले नमुना १२-डी भरून घरून देतात ती, आणि सैन्यातल्यांची. मोजणीच्या सकाळी आठपर्यंत पोचलेली सगळी धरतात. आठला टपाली सुरू, साडेआठला यंत्रं.

बाद होण्याची जागा दोन पायऱ्यांवर आहे. मोठ्या पाकिटात घोषणापत्र आणि आत मतपत्रिकेचं लहान पाकीट असतं. घोषणापत्र नाही, सही नाही, साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. उघडल्यावर एकाहून जास्त उमेदवारांपुढं खूण, कुठंच खूण नाही, मतदार ओळखू येईल असं काही लिहिलेलं, तर मत बाद. खूण बरोबरची असो की फुलीची, कोणाला दिलं ते स्पष्ट असेल तर ते वैध आहे. ही एक गोष्ट प्रतिनिधीला माहीत नसते आणि चांगली मतं बाद होताना तो गप्प राहतो.

टपालीला तुमचा सगळ्यात जाणता माणूस बसवा. ५०० मतपत्रिकांमागे एक टेबल असतं. बाद किती झाली आणि कोणत्या कारणानं, हे दोन रकान्यांत लिहा, कारण विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी सगळी बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. ते आपणहून व्हायला हवं, तरी तुम्ही लेखी आठवण द्या. २०२४ मध्ये टपाली बाकी असताना यंत्रांच्या फेऱ्या शेवटपर्यंत जाऊ शकत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं तो क्रम बदलला, आता टपाली संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी घेत नाहीत. चांगलं झालं. शेवटच्या घटकेला टपालीचा गठ्ठा आणला ही शंका तरी उरणार नाही.

संत्राबाग_काटोल_रोड

आणि दहाव्या फेरीपर्यंत पुढं असलेला माणूस शेवटी पडतो तो कसा? आमच्याकडं तर गुलाल उधळून झाला होता.

तुरीच्या_ओळी

फेऱ्या भूगोलाप्रमाणं चालतात म्हणून. केंद्रांचे क्रमांक गावागावानं सलग दिलेले असतात. साकोली मतदारसंघात साकोली, लाखनी, लाखांदूर असे तीन तालुके. पहिल्या फेऱ्यांत एकाच बाजूची गावं मोजली जातात. एका तालुक्यात जोर असलेला उमेदवार तो तालुका संपेपर्यंत पुढंच दिसणार. म्हणून आघाडी किती हे विचारण्याआधी कोणती गावं झाली हे विचारा. कागदावर फेऱ्यांपुढं गावांची नावं लिहून ठेवली आणि शेजारी मागच्या निवडणुकीतली त्याच गावांची मतं, तर सहाव्या-सातव्या फेरीलाच वारा कळतो.

ती मागची मतं नमुना २० मध्ये मिळतात. केंद्रवार, उमेदवारवार पूर्ण तक्ता, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. मात्र केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत बदलतात, तेव्हा क्रमांकावरून नाही, गावाच्या आणि शाळेच्या नावावरून जुळवा.

निकाल वाचताना तिसऱ्या उमेदवाराकडं आधी बघा, विदर्भात तर नक्कीच. राजुऱ्यात देवराव भोंगळे ७२,८८२, सुभाष धोटे ६९,८२८, अंतर ३,०५४. तिसरे वामनराव चटप, त्यांना अर्ध्या लाखाहून जास्त. आता सगळे म्हणतात चटपांनी अमुकाची मतं खाल्ली. नमुना २० उघडा. चटपांना जिथं जास्त पडली त्या केंद्रांवर २०१९ च्या मानानं कोणाची घटली, ते केंद्रागणिक बघा. काही गावांत एकाची घटलेली दिसतील, काहींत दुसऱ्याची. एकगठ्ठा बोलण्यात अर्थ नाही. राज्याचा निकाल एकतर्फी होता, भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, पण त्या लाटेत राजुरा, साकोली, बुलढाण्यासारख्या जागा वेगळ्याच हिशोबानं लागल्या. त्या वेळी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी, दुसरीकडं बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५००. एकाच घरात दोन मतं कशी झाली असतील, ते गावच्या आकड्यांत कुठंकुठं दिसतं.

कापूसवेचणी

फेरमोजणीचं राहिलं. शेवटची बेरीज सांगितल्यावर निर्णय अधिकारी थोडा वेळ थांबतात. तेवढ्यातच लेखी अर्ज द्यायचा असतो, आणि त्यात कारण पाहिजे. 'आम्हाला शंका आहे' हे कारण होत नाही. 'केंद्र अमुक, सतरा-सी ७४०, फेरी पत्रकात ७०४' हे कारण आहे. एकदा निकाल जाहीर झाला आणि नमुना २१-सी वर सही झाली की तिथं फेरमोजणी नाही. अर्जाचा कोरा मसुदा आदल्या दिवशीच लिहून ठेवा, फक्त केंद्र आणि आकडा भरायची जागा रिकामी.

त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका, ४५ दिवसांत, आपल्यासाठी नागपूर खंडपीठात. २०२४ ला ती मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. यंत्राची तपासणी वेगळी: २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून मागता येतात, निकालापासून सात दिवसांत, खर्च भरून. एका संचाला ४०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी असा दर ठरला होता. छेडछाड सिद्ध झाली तर पैसे परत. ३४० केंद्रांचा मतदारसंघ असेल तर १७ संच, हिशोब करून बघा. कोणते संच मागायचे हे सांगायलाही सतरा-सीच लागते.

पांदणरस्ता

शेवटचा प्रश्न. हे सगळं जिल्हा परिषदेले लागू आहे का?

सांगाडा_आणि_सूत

जसंच्या तसं नाही. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. नियम वेगळे, नमुने वेगळे, व्हीव्हीपॅट तिथं जोडलेला नसतो. म्हणजे नंतर ताडायला चिठ्ठीच नाही, केंद्रावरचा मतांचा हिशोब आणि यंत्राचा क्रमांक एवढंच तुमच्या हाती. तो कागद तिथंही मागा, आणि तहसीलमधून त्या निवडणुकीची मार्गदर्शक पुस्तिका घेऊनच माणसं बसवा.

धुऱ्यावरचा

पांदणरस्ता भाऊ, सहाय्यकारी केंद्रांचा मुद्दा फार महत्त्वाचा होता, तो माझ्याकडून राहिला होता. टेबलवार तक्त्याचा कोरा नमुना तयार करतो: केंद्र, गाव, कंट्रोल युनिटचा क्रमांक, सतरा-सीची मतं, यंत्रावरची मतं, नोटा, फरक, शेरा. आठ रकाने, एका पानावर एका टेबलाच्या २५ फेऱ्या बसतात. बदललेल्या यंत्रासाठी प्रत्येक पानाच्या तळाशी तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत.